शेहेचाळीस नंबरची दाढ

किंक्रांतीला नवं काही सुरू करू नये म्हणतात. माझं दाढेचं नेमकं त्याच दिवशी सुरू झालं. आदल्या दिवशीची तिळाची वडी खाताना उजव्या बाजूला कटकन वाजलं आणि जिभेवर एक खडा आला. चिमटीत धरून बघितला, तर वीस वर्षांपूर्वी दाढेत भरलेल्या चांदीचा तुकडा. काळपट, तांदळाच्या कणीएवढा. खिडकीतून बाहेर टाकला आणि राहिलेली वडी डाव्या बाजूनं खाल्ली. दाढ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही, हा हिशेब करून मी याआधी एक दाढ घालवलेली आहे. तरी पुन्हा तोच केला.

माझं साताऱ्यात ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. राजवाड्याजवळच्या एका बोळात दहा बाय आठची खोली, दोन मशिनं, एक इंटरलॉक आणि भिंतीभर रिळं. जानेवारीत लग्नाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की मे संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं काम त्या दिवसांत अस्तरं भिजवण्याच्याही नंतर येतं.

आधी त्या गेलेल्या दाढेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली होती. तेव्हा एका ठिकाणी रूट कॅनाल केलं. पहिल्याच सिटिंगला ठणका गेला, कसंबसं दुसरं-तिसरं सिटिंग झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता कॅप बसवून घ्या. कॅपसाठी ठेवलेले पैसे धाकटीच्या क्लासला गेले. मग गणपती आले, मग दिवाळी. दाढ दुखत नव्हती, सिमेंट भरलेलं होतं, चावता येत होतं. सात महिन्यांनी भाजलेले हरभरे खाताना ती उभी चिरली. मधोमध, लाकूड फोडल्यासारखी, चीर थेट मुळात गेलेली. अशा दाढेला कुणी काही करू शकत नाही. काढूनच टाकावी लागली. रूट कॅनालला घातलेले पैसे आणि ते तीन हेलपाटे, सगळं त्या हरभऱ्यावर गेलं.

तिथं दात पुन्हा बसवायचाही राहून गेला. वर्षा-दोन वर्षांत वरची दाढ त्या रिकाम्या जागेत खाली उतरली, शेजारची आत कलली, आणि मी सगळं उजवीकडून चावायला लागले. म्हणजे इतकी वर्षं सगळ्या भाकऱ्यांचा भार एकाच बाजूवर होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर चहा लागायला लागला. पहिल्या घोटाला कळ उठायची ती थेट कानापर्यंत. आधी क्षणभर, मग मिनिटभर, मग तर कप विसळून पालथा घातला तरी मागे ठणका चालूच. गंमत म्हणजे गार पाण्यानं बरं वाटायचं. मशीनशेजारी माठातल्या पाण्याची बाटली ठेवायचे, एक घोट उजव्या गालात धरायचा आणि शिलाई मारायची. पाणी तोंडात कोमट झालं की कळ परत. गिऱ्हाईक काही विचारायला आलं की आधी पाणी गिळायचं, मग बोलायचं. एका बाईनं विचारलंच, "काकू, मौन आहे का?"

दिवस मशीनच्या आवाजात निघायचा. रात्री आडवं झालं की दाढेत नाडी उडायला लागायची. एकावर एक दोन उशा घेतल्या, तीन घेतल्या, शेवटी भिंतीला टेकून बसून डोळा लागायचा. आणि दुखतंय कुठं हेही धड कळेना. मी शपथेवर सांगितलं असतं की वरची दाढ दुखते. कधी कान, कधी कानशील.

लवंगेचं तेल लावून झालं. कापसाच्या बोळ्यावर घेऊन रात्रभर दाबून ठेवलं, तर सकाळी हिरडी भाजून पांढरी पडलेली. मेडिकलवाल्यानं पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, दुखायच्या गोळ्या वेगळ्या. दुखायच्या गोळीनं चार तास निघायचे. दुसरीनं पोट तेवढं बिघडलं.

माझी आजी जावळीतली. तिच्या गावात दाढ दुखली की भुईरिंगणीचा धूर देत. वाळलेल्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं धूर दाढेवर घ्यायचा आणि पाण्याच्या परातीवर तोंड उघडं धरायचं. परातीत बारीक पांढरे किडे पडलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. म्हणून "दाढेला कीड लागली" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून ती परातच येते. पुढे डॉक्टर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "काकू, ते बियांच्या आतले कोंब असतात. उष्णतेनं बी फुटून बाहेर पडतात. दाढेत किडा नसतो, डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात." पन्नास वर्षं सांभाळलेले किडे एका वाक्यात गेले.

शेवटी थोरलीनं फोन करून वेळ घेतली आणि मला नेऊन बसवलं. डॉक्टर मॅडम तिच्याच वयाच्या, रूट कॅनालमधल्याच एमडीएस. तोंड उघडायला सांगितलं आणि दाढेकडे जायच्या आधी पुढच्या दातांशीच थांबल्या. "शिवणकाम करता का?" मी थक्क. त्यांनी हातात आरसा दिला. वरच्या पटाशीच्या दाताच्या कडेला बारीक खाच पडलेली. पंचवीस वर्षं दातानं धागा तोडून तोडून. टाचण्या ओठात धरायची सवयसुद्धा त्यांनी विचारून काढून घेतली.

मग दाढेचा तपास. मी बोट वरच्या दाढेवर ठेवलेलं. त्यांनी एक गुलाबी काडी गरम करून आधी तिथंच टेकवली. काही नाही. मग खालच्या दाढेला टेकवली आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. लगेच कापसावर गार फवारा मारून तो बोळा तिथं धरला, तशी कळ विरली. आरशाच्या दांडीनं एकेका दातावर टकटक केली. एक्स-रे काढला, तो लगेच कॉम्प्युटरवर आला. चांदी पडलेल्या खड्ड्याखाली कीड आत पोचलेली, आणि मुळाच्या टोकाशी एक रेघ जरा जाड झालेली.

मी विचारलं, मग मला वर का दुखतंय? त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. दाताच्या आत जिला आपण नस म्हणतो ती एकटी नस नसते. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, मऊ मांस, सगळं मिळून ते असतं. त्याला दुखणं कळतं, पण आपण कुठं आहोत हे सांगता येत नाही. जागा सांगणारे तंतू दाताबाहेर, मुळाभोवतीच्या पडद्यात असतात. सूज तिथवर पोचली की मग बोट अचूक ठेवता येतं. आणि रात्री का? बोट सुजलं तर त्याला फुगायला जागा असते. दाढेच्या आत चारी बाजूंनी टणक भिंत. सूज आली की जाणार कुठं, आतल्या आत दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, दाब आणखी वाढतो. अँटिबायोटिकचं विचारल्यावर म्हणाल्या, गोळी रक्तातून पोचते आणि तुमच्या दाढेत रक्ताचीच वाट अडलेली. सूज आली असती, ताप असता तर गोष्ट वेगळी. आत्ता हे उघडून साफ करणं हाच उपाय.

असिस्टंटला त्यांनी "फोर सिक्स" असं सांगितलं. मला वाटलं काही औषध असेल. तर तो दाढेचा नंबर. तोंडाचे चार भाग करायचे, उजवा खालचा चौथा. मधल्या रेषेपासून मोजत गेलं की सहावा दात ही दाढ. चार-सहा, शेहेचाळीस. साधारण सहाव्या वर्षी येते ती हीच, दुधाचे दात पडायच्याही आधी, सगळ्यांच्या मागे. आईबापांना वाटतं दुधाची आहे, पडेल. म्हणून सगळ्यात जास्त हीच किडते. माझी डावी गेली ती छत्तीस नंबरची. तीच जोडी.

खर्च असा सांगितला: रूट कॅनाल ४,५००, वर झिर्कोनियाची कॅप ६,५००. काढायची असेल तर ८००. घरी सांगितल्यावर हे म्हणाले, "काढून टाक की. एकदाची कटकट मिटेल." मी म्हटलं, डावी मिटवलीच आहे, आता उजवीही मिटवली तर तुमच्या आईंची कवळी दोघी मिळून वापरू. जाऊबाईंचं म्हणणं, मुंबईला सरकारी दंत महाविद्यालयात कर, सीएसएमटीच्या जवळ. त्यांचं तिथं झालंय. शिकणारे डॉक्टर करतात, मागे सर उभे असतात, वेळ भरपूर लागतो, पैसे अगदी नावाला. मुंबईत राहत असते तर गेले असते. साताऱ्याहून दर सिटिंगला एसटीचं भाडं आणि दुकान बंद, ते परवडणारं नव्हतं.

पहिलं सिटिंग मार्चच्या पहिल्या आठवड्यात. बीपी बघितलं, शुगर विचारली. इंजेक्शन दाढेत देत नाहीत, तोंडाच्या मागे, जबडा वळतो तिथं आतून देतात. तिथं ती नस जबड्याच्या हाडात शिरते, तिला गाठलं की अर्धा जबडा झोपतो. छातीत क्षणभर धडधड झाली. औषधात ॲड्रेनॅलिन असतं, त्यामुळे होते, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परक्याची झाली.

मग निळ्या रबराचा एक पातळ चौकोन आला. मधे भोक. दाढेला चिमटा लावून त्या भोकातून एकटी दाढ वर काढली आणि बाकीचं तोंड त्या रबराखाली. कडेनं फ्रेम. भरतकामाची रिंग लावतो तसंच, जिथं काम आहे तेवढंच कापड ताणून वर. थुंकीतले जंतू दाढेत जाऊ नयेत आणि हातातलं हत्यार निसटलं तर घशात जाऊ नये, म्हणून हे. घरी आल्यावर मोबाईलवर वाचलं, तर ही युक्ती १८६४ सालची, न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या दंतवैद्याची. दीडशे वर्षांहून जुनी. डाव्या दाढेच्या वेळी माझ्या तोंडात असलं काही लावलेलं मला आठवत नाही.

आता खोटं कशाला बोलू. दुखलं. ओठ बधिर, जीभ बधिर, आणि ड्रिल आत पोचलं तशी दाढेतून वीज गेली. मी हात वर केला, त्या लगेच थांबल्या. म्हणाल्या, सुजलेल्या नसेवर बधिर करायचं औषध पुरतं चढत नाही, अशा दाढेला त्या लोकांत "हॉट टूथ" म्हणतात. दाढ आणि हिरडीच्या फटीत अजून एक इंजेक्शन दिलं. बरंच कमी झालं, पुरतं गेलं नाही. मग म्हणाल्या, "काकू, आता एक शेवटचं, थेट नसेत. तीन सेकंद फार दुखेल, नंतर काही नाही. चालेल?" चालेल म्हटलं. रबरामुळे ते "आएअ" असं आलं असणार. ते तीन सेकंद मी दोन बाळंतपणांच्या खालोखाल ठेवीन. पण चौथ्या सेकंदाला जी शांतता आली ती गेल्या तीन आठवड्यांत नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं.

त्यानंतर मला बघायला सुचलं. ट्रेमध्ये बारीक सुया मांडलेल्या, प्रत्येकीच्या मुठीचा रंग वेगळा. जांभळी, पांढरी, पिवळी, लाल, निळी. या फाईली. मी सुयांच्या धंद्यातली, नंबर विचारल्याशिवाय राहवेना, पण तोंडात तर रबर. सिटिंग संपल्यावर विचारलं. जांभळी दहा नंबर, म्हणजे टोकाशी ०.१० मिलिमीटर. पांढरी पंधरा, पिवळी वीस, लाल पंचवीस. मी ब्लाऊजला लावते ती चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटरची. तिच्या नवव्या हिश्शाएवढं टोक त्या बाईंनी माझ्या दाढेच्या मुळात, वाकड्या वाटेनं, तळापर्यंत घातलं होतं. सगळी हत्यारं हातानं चालत नाहीत, नंतर मशीनवरच्या फाईली येतात. त्या निकेल-टायटॅनियमच्या, वाकल्या तरी परत सरळ होतात. तरी त्यांचीही मोडायची भीती असतेच. सुई मोडली तर मी चिमट्यानं टोक काढते. मुळात मोडलेलं टोक काढणं म्हणजे काय असेल, विचारही करवत नाही.

लांबी कशी मोजतात हेही ऐकलं, म्हणजे खरोखर कानांनी. ओठाला एक हुक अडकवतात, फाईलला एक वायर जोडतात. फाईल मुळाच्या टोकाशी पोचली की विजेचा अडथळा बदलतो आणि यंत्र टीटी करायला लागतं. मॅडम आकडे सांगायच्या, असिस्टंट लिहून घ्यायची: साडेवीस, एकवीस, वीस. मापं घेताना मी बोलते आणि माझी मुलगी वहीत लिहिते, अगदी तोच सूर. छाती छत्तीस, कंबर बत्तीस.

खालच्या या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या. पुढच्या मुळात दोन, मागच्यात एक. माझ्या तिसऱ्या नळीच्या तोंडाशी मॅडम बराच वेळ रेंगाळल्या. डोळ्यांवरच्या भिंगाच्या चष्म्यातून बघत होत्या, बारीक टोकानं चाचपत होत्या. एकदम म्हणाल्या, "सापडली." मागच्या मुळात चौथी नळी. ती राहून गेली असती तर वरून सगळं झकास दिसलं असतं आणि वर्षा-दोन वर्षांत आत राहिलेल्या घाणीनं पुन्हा ठणका, पू. रूट कॅनाल "फेल गेलं" म्हणून लोक बोंबलतात त्यातलं बरंचसं अशा चुकलेल्या नळ्यांचं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मनात आलं, मी शिवते ते निदान उलटं करून बघता तरी येतं.

फाईल आणि धुणं, फाईल आणि धुणं, असं चाललेलं. वास ओळखीचा वाटत होता. पांढऱ्या अस्तरावर हळदीचा डाग पडला की मी ज्या द्रवात बुडवते त्याचा. विचारलं तर खरंच तेच: सोडियम हायपोक्लोराइट. फाईल नळी रुंद करते, पण बारीक फाटे असतात तिथं हत्यार पोचत नाही, हे पाणी पोचतं आणि मेलेलं मांस विरघळवतं, जंतू मारतं. म्हणूनही ते रबर, कारण हे हिरडीला लागलं तर भाजतं. तास-सव्वा तासातलं निम्मं काम धुण्याचंच होतं. लोकांना वाटतं रूट कॅनाल म्हणजे सिमेंट भरणं. भरायला शेवटी अर्धा तास लागला असेल.

त्या दिवशी नळ्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. घरी सासूबाईंना सांगितलं की दाढेत जंतू मारायला चुना भरलाय. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरवलेला चुनाच. त्यांनी मांडीवरची चुन्याची डबी उचलून मला दाखवली. "मग ही चाळीस वर्षं दाढेत भरतेय तर सगळे मला नावं ठेवता!" सासूबाईंच्या तोंडात आता एकही दात नाही, हे मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दाढ दाबली की ठसठसायची, तिसऱ्या दिवसापासून काही नाही. पाचव्या दिवशी मी उकळता चहा प्यायले. आणि इथंच माझी गाडी पुन्हा जुन्या रुळावर आली. पुढची तारीख दहा दिवसांनी होती. त्याच आठवड्यात कोरेगावच्या एका लग्नाचे बावीस ब्लाऊज आले, त्यातले सहा आरीवर्कचे. दवाखान्यातून फोन आला, मी म्हटलं पुढच्या सोमवारी. सोमवारी म्हटलं शुक्रवारी. दुखत नव्हतं ना! नस काढलेल्या दाढेला दुखायला काही उरलेलंच नसतं हे मला कळत होतं, पण कळणं वेगळं. तेविसाव्या दिवशी जेवताना तोंडात औषधी कडू चव आली. तात्पुरत्या सिमेंटचा कोपरा पडला होता.

मॅडम चिडल्या. आवाज चढवला नाही, पण "काकू, डावी दाढ आठवते ना?" एवढंच म्हणाल्या आणि मास्क वर ओढला. तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवड्यांपलीकडे धरत नाही. ते गेलं की थुंकी आत, थुंकीबरोबर जंतू आत, म्हणजे आधीचं सगळं धुणं पाण्यात. सगळ्या नळ्या पुन्हा धुतल्या, पुन्हा चुना भरला. जादा पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरची तारीख मी ऑर्डरीच्या वहीत लिहिली, गिऱ्हाइकाच्या नावासारखी. दाढ, गुरुवार, साडेअकरा. वहीत लिहिलेलं मी चुकवत नाही.

त्या गुरुवारी नळ्या बारीक कागदी काड्यांनी कोरड्या केल्या. काडी बाहेर काढून बघायची, ओली आहे का, पुन्हा दुसरी. मग भरायला आली ती गुलाबी काडी, पहिल्या दिवशी गरम करून दाढेला टेकवलेलीच. गटापर्चा. मलायाकडच्या झाडाचा चीक. गरम केला की मऊ होतो, गार झाला की घट्ट. काडीत तो साधारण पाचवा हिस्साच असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. रात्री याच्यावर वाचत बसले. ते झाड चिकू आणि मोहाच्या कुळातलं निघालं. आणि एके काळी या चिकाची मोठी ख्याती होती ती समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींसाठी. खाऱ्या पाण्यात टिकतो आणि पाणी आत येऊ देत नाही म्हणून तांब्याच्या तारेवर याचं वेष्टण घालत. १८७० साली सुएझ, एडनवरून मुंबईपर्यंत केबल आली तीही अशीच. पाणी आत न जाऊ देणं, एवढंच काम माझ्या दाढेत त्याला करायचं होतं, एकवीस मिलिमीटरच्या समुद्रात.

एकेका नळीत लेपासकट काडी बसवली, एक्स-रे काढून टोकापर्यंत गेली का बघितलं, मग वरचं शेपूट तापलेल्या हत्यारानं कापलं. चर्रकन आवाज, जळक्या मेणासारखा वास. एक्स-रेमध्ये चार पांढऱ्या रेघा, मुळाच्या आकारानं वाकलेल्या. माझ्या आयुष्यातलं इतकं बारीक काम दुसऱ्या कुणी केलेलं मी बघितलेलं नाही, आणि तेही माझ्याच तोंडात.

कॅपबद्दल मी आता वाद घातला नाही. दाढेच्या आतून पोखरलेलं, वरून छप्पर कापलेलं, उरतात त्या भिंती. चावताना दाढेवरचे उंचवटे दोन बाजूंना फाकायला बघतात. कॅप त्यांना वरून कवेत धरते. डावीला ते कवच मिळालं असतं तर हरभरे जिंकले नसते. आठवड्यानं दाढ चारी बाजूंनी घासून लहान केली. कॅपला जागा लागते, शिलाईत दाब सोडतो तशी. पिठाच्या गोळ्यासारख्या मसाल्यात माप घेतलं.

रंगाच्या वेळी मात्र मी ऐकलं नाही. दातांच्या नमुन्यांची एक पट्टी असते, रंगांना ए-वन, ए-टू अशी नावं. असिस्टंटनं दिव्याखाली धरून ए-टू सांगितलं. मी म्हटलं, थांबा, ट्यूबच्या उजेडात रंग जुळवत नाहीत. गिऱ्हाइकाच्या साडीचं रीळ मी नेहमी दुकानाबाहेर येऊन जुळवते. आरसा घेऊन खिडकीशी गेले, तोंड उघडलं, पट्टी जवळ धरली. ए-थ्री. चहानं पिवळट झालेले पन्नाशीचे दात, ए-टू त्यांच्यात नवरीसारखा चमकला असता. मॅडम हसून म्हणाल्या, बरोबर आहे, रंग दिवसाच्या उजेडातच बघायचा असतो, आज घाईत राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथं बरोबरीचं वाटलं.

कॅप आली ती फिटिंगला. निळा कागद मधे ठेवून "चावा, घासा" म्हणाल्या. जिथं उंच तिथं निळा ठिपका. ठिपका घासायचा, पुन्हा कागद. मी म्हटलं, अजून केसभर वर आहे. त्यांना कागदावर दिसत नव्हतं, मला लागत होतं. त्यांनी ऐकलं, आणखी घासली. केसभर उंच राहिली तर प्रत्येक घासाला हातोडी बसते आणि दाढ आतून दुखत राहते, असं त्याच म्हणाल्या. चौथ्या खेपेला बसली. मग सिमेंट लावून पक्की केली.

याला आता तीन महिने झाले. सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचाय, मुळाच्या टोकाची ती जाड रेघ बारीक झाली का बघायला. तारीख वहीत आहे. डावीकडच्या रिकाम्या जागेचं अजून ठरत नाही. वरची दाढ खाली आलीय, आता तिलाही काहीतरी केल्याशिवाय तिथं दात बसत नाही. आकडा ऐकून मी दिवाळीनंतर बघू म्हटलं. थोरलीनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून काजं करायला लागले.

धागा दातानं तोडायचा नाही, असं मॅडमनी निघताना पुन्हा बजावलं. थोरलीनं मशीनला रिबिनीनं छोटी कात्री बांधून दिली. रिबीन वीतभर आखूड पडली आहे. शिलाई संपते, कात्री ओढते, ती पुरत नाही, आणि तेवढ्यात धागा दाताखाली आलेला असतो.